बिनडोळ्याचं पीस

कोल्हापूरहून निघाले तेव्हा माझ्या बॅगेत साड्यांपेक्षा कुंचले जास्त होते. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी सातारा येईपर्यंत दम धरला आणि मग विचारलंच, "पेंटर आहात का?"

"चित्रकलेची शिक्षिका होते. आता भिंत रंगवायला निघालेय, नाशिककडे."

"बंगल्याची?"

"लग्नाची."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बहुधा मला सोडून द्यावं असं त्यांनी ठरवलं असावं. पण उतरताना पिशवीतल्या चकल्या मात्र हातावर ठेवून गेल्या.

नाशिक जिल्ह्यातल्या गावांत लग्नघराची दर्शनी भिंत अजून रंगवतात. चुन्याच्या पांढऱ्या हातावर हत्ती, पोपट, केळीचे खांब, कलश आणि मधोमध नवरा-नवरीची नावं. गावोगाव ते काम करणारे रंगारी असतात. पण माझी हॉस्टेलातली मैत्रीण शालिनी चांदवडजवळच्या एका गावात नांदते, आणि तिच्या केतकीचं सागरशी लग्न ठरल्यावर तिनं फोनवर सांगून टाकलं, "भिंत तुझी. नाही म्हणालीस तर जेवायला वाढणार नाही." शालिनीच्या हातचं जेवलेल्या माणसाला ही धमकी पुरते.

माघातली सकाळ. नाशिकला उतरले तेव्हा थंडी बोटांत शिरत होती. केतकी गाडी घेऊन आली होती. बॅग उचलताना तिच्या हाताला पिवळं लागलं; रंगाची बाटली आतल्या आत गळून आहेराच्या साडीवर सांडली होती. मी कपाळावर हात मारला. केतकी म्हणाली, "असू द्या मावशी, आधीच हळद लागली म्हणायचं."

आधी मिसळ. नाशिकला आल्यावर दुसरं काही खाल्लं तर लोक तब्येतीची चौकशी करतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर भाजलेला पापड, बाजूला दही. नाक-डोळे वाहत असतानाच केतकीनं मला माझा प्राणी सांगितला.

ती नाशकात नोकरी करते. कुठल्याशा ताईंच्या कार्यशाळेला ती गेली होती. तिथं डोळे मिटून बसायचं. मनात पहिला येईल तो आपला प्राणी, मग आपलं झाड, आपला खडा, आपलं तत्त्व. आणि मग ते सगळं एका चित्रात आणायचं. पोरीनं नुसतं स्वतःचं काढलं नव्हतं, घरादाराचं ठरवून ठेवलं होतं. "भिंतीवर हत्ती-पोपट नको मावशी. प्रत्येकाचं आपापलं काढायचं. सागरचं कासव. तत्त्व पाणी. आईचं तत्त्व अग्नी."

"आणि माझं?"

"घुबड."

मी पापड मोडला. "खडा कुठला?"

"अकीक. झाड सावर. तत्त्व वायू."

माझ्या पायात संधिवाताचा वायू आहे, तो तिला कसा कळला कोण जाणे. पण घुबड मला लागलंच थोडं.

चांदवडला निघण्याआधी सराफ बाजारात थांबलो. केतकीच्या वडिलांची, भाऊसाहेबांची पाचूची अंगठी घडवून ठेवलेली होती. सराफ म्हाताऱ्या माणसाच्या काळजीनं म्हणाले, "काकांना सांगा, पाचू नाजूक असतो. कांदे भरताना काढून ठेवायची."

"ऐकणार नाहीत," केतकी म्हणाली. "मोराच्या पिसाऱ्याचा रंग आहे ना तो."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. घराच्या फाटकापाशी पोचल्यावर कळला. फाटकावर लोखंडी मोर. ट्रॅक्टरच्या पाठीवर मोर. पाण्याच्या टाकीवर सिमेंटचा मोर, त्याला दरवर्षी नवा रंग. आणि खळ्याच्या (कांदे निवडायच्या मोकळ्या जागेच्या) पलीकडे भुईमुगात खरेखुरे मोर, शेंगा उकरत, अगदी घरच्यासारखे.

"हाकला की," मी म्हटलं.

"हाकलायचं नाय," भाऊसाहेब हसत पुढे आले. बुटका, रुंद, मिशीवाला माणूस. बोलताना दोन्ही हात हलवणारा. "आमचं देवक हे ते."

शालिनी आतून ओरडली, "यांच्या देवकानं माझा निम्मा भुईमूग खाल्ला."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवक म्हणजे कुळाचं राखणदार चिन्ह. कुणाचा कळंब, कुणाची शमी, कुणाचं साळुंकीचं पीस. लग्नाच्या आधी त्याची पूजा बसते, मगच पुढचं कार्य. वडील लहानपणीच गेल्यानं भाऊसाहेबांच्या हाती घराण्याचं फारसं काही आलं नव्हतं. आईनं मरताना दोन गोष्टी दिल्या: देवघरातलं एक तांब्याचं पान, त्यावर कोरलेलं पीस, आणि एक शब्द, मोर. या दोन गोष्टींवर ह्या माणसानं आपलं अख्खं घर उभं केलं होतं. केतकीची कार्यशाळा त्यांना मुळीच नवलाची वाटली नाही. "तिला आता कळलं," ते म्हणाले. "मी जन्मल्यापासून मोर हे."

भिंत रंगवायला मजा आली. पहाट उजाडली की दव उडेपर्यंत थांबायचं, मग शिडीवर चढायचं. शालिनी दर तासाला चहा आणून शिडीखाली उभी राहायची आणि सूचना करायची. तिच्यासाठी मी चूल काढली, ज्वाळांची, आणि तिच्या भोवती मिरचीचं झाड. "अग्नी म्हणजे एवढंच का ग?" ती म्हणाली, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागली. सागरचं कासव निळ्या पाण्यात पोहत होतं. केतकीचं हरीण काढलं. कोपऱ्यात, पन्हाळीखाली, मी एक छोटं घुबडही बसवलं. काढताना जाणवलं, बरं दिसतंय की.

आणि मधोमध मोर. असा मोर मी आयुष्यात काढला नव्हता. नावांच्या वर बसलेला, पिसारा डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत. पाचूचा हिरवा मिळवायला तीन हिरवे एकत्र करावे लागले. भाऊसाहेब खुर्ची टाकून समोर बसायचे. एकदा मागं वळून बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते. "आईला दाखवायला पाहिजे होता," एवढंच म्हणाले.

पिसाऱ्यातला शेवटचा डोळा रंगवला त्याच दुपारी विंचूरहून सागरच्या घरचे आले. मांडवाची जागा बघायची होती. सागर तिथल्या वाइन पार्कात एका प्रयोगशाळेत आहे, घरचा कांद्याचा व्यापार. केतकी आणि तो कॉलेजात भेटलेले. दोन्हीकडच्यांनी घर बघितलं, मुलगा-मुलगी बघितली, देवकापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. सागरच्या थोरल्या काकू पदर सावरत भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "लय झ्याक काढलाय वं मोर."

"देवक हे आमचं," भाऊसाहेब अभिमानानं म्हणाले.

काकू वळल्या. "तुमचं?"

"मोर."

"दादा," काकू हळूच म्हणाल्या, "आमचं बी मोराचं पीसच हे."

मला वाटलं, वा, केवढा योग. पण अंगणात कुणीच वा म्हणालं नाही. शालिनीनं हातातला ट्रे तसाच खाली ठेवला. मग तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं: ज्यांचं देवक एक, ते एकमेकांचे भाऊबंद. भावाबहिणीत लग्न होत नाही, तसं एका देवकात सोयरीक होत नाही.

केतकीचा आवाज चढला. "आडनाव वेगळं, गाव वेगळं, ओळखदेख नाही. एका पिसावरून आम्ही बहीण-भाऊ झालो?"

काकू भांडल्या नाहीत. त्यांनीच केतकीचा हात धरला. "माझं काय जातंय, बाय? पण उद्या काही कमीजास्त झालं, तर समदे म्हणतील काकूला ठावं होतं." आणि मग भाऊसाहेबांकडे बघून, "तुमी म्हणाल तसं करू दादा. देवक तुमी लय मानता, मला दिसतंय."

हीच तर अडचण होती. दुसरा कुणी बाप असता तर "सोडा हो जुन्या गोष्टी" म्हणून मोकळा झाला असता. ह्या माणसाला ते म्हणता येत नव्हतं. मोर खरा तर त्याचा नियमही खरा. त्यांनी माझ्या मोराकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. पाहुणे चहा न पिता गेले.

रात्रीचं जेवण कुणी नीट जेवलं नाही. सकाळी भाऊसाहेब अंघोळ करून, टोपी घालून दारात उभे होते, हातात फडक्यात बांधलेलं तांब्याचं पान. "पेठला जायचं," ते म्हणाले. "ठकूआत्या हे तिथं. बाबांची थोरली बहीण. आमच्या घरातलं जुनं माणूस म्हणजे आता तीच. ती सांगंल ते."

केतकी गाडी चालवायला बसली, भाऊसाहेब पुढे, मी मागे, मांडीवर ते पान. हायवेनं नाशिक, मग पश्चिमेकडे. द्राक्षाच्या बागा मागे पडल्या, रस्ता चढू लागला, साग आणि बांबू दिसू लागले. भातखाचरं कापणी होऊन मोकळी पडली होती. एका वळणावर गाडी थांबवून बोरं घेतली. विकणारी बाई टोपलीमागून म्हणाली, "कठं जातास?" (कुठे जाता?) भाऊसाहेबांनी पेठ सांगितलं. तिनं मूठभर बोरं जास्तीची घातली. त्यांचा चेहरा बघूनच घातली असावीत.

कंटाळा आला म्हणून मी फडकं सोडून पान बघत बसले. वर्षानुवर्षांच्या कुंकवानं रेषा बुजल्या होत्या, पण कोरणाऱ्याचा हात चांगला होता. लांब, वाकलेलं, दोन्ही बाजूंनी तंतू सुटलेलं पीस. मी ते इकडून तिकडे फिरवलं. काहीतरी राहत होतं. आदल्या दिवशीपर्यंत शिडीवर उभी राहून मी पिसाऱ्याचे डोळेच डोळे काढले होते, म्हणून ते लक्षात आलं.

"भाऊसाहेब, ह्या पिसाला डोळा नाही."

"झिजला असंल. पूजा रोजची."

"बाकीचे तंतू झिजले नाहीत ते? आणि खाली बघा, देठाला तीन पानं आहेत. मोराच्या पिसाला पानं कुठली?"

ते मागं वळले, पान हातात घेतलं, आणि पेठ येईपर्यंत त्या तीन पानांवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं, उगाच बोलले. ज्या चित्रापुढे माणूस जन्मभर हात जोडतो, त्यात चूक काढू नये.

ठकूआत्यांचा नातू पेठला शिक्षक आहे. घर टेकडीला टेकलेलं, पुढे तुळस, मागे उतार. आत्या ओट्यावर वाल सोलत होत्या. ऐकायला थोडं कमी, जीभ मात्र शाबूत. भाऊसाहेब पाया पडले तेव्हा म्हणाल्या, "पोट सुटलंय रं तुझं." नातसुनेनं नागलीची (नाचणीची) गरम भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लसणाची चटणी वाढली. खाल्ल्याशिवाय आत्या काही ऐकायलाच तयार नव्हत्या.

मग भाऊसाहेबांनी विचारलं. मोठ्यानं विचारावं लागलं, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू गेलं. "आत्या, आपलं देवक काय?"

"मोर."

केतकीनं माझा हात दाबला. भाऊसाहेबांनी मान हलवली, जणू निकाल लागला.

आत्यांनी वालाची साल बाजूला टाकली. "का रं? गेला का वाळून?"

"कोण?"

"मोर. मागल्या बांधावरचा. बाभळीवर चढलेला. तुझा आज्जा सांगायचा, मोर तोडा पर बाभळ तोडू नका, पुन्हा चढंल."

मीच विचारलं, "आत्या, मोर तोडायचे कसे?"

"कोयत्यानं. का? तुमच्याकडं हातानं तोडत्यात?"

"आत्या," भाऊसाहेब म्हणाले, "मोर का मोरवेल?"

आत्यांनी झटकन पदर तोंडाला लावला. "नाव काय घेतूस पुरं? आपल्यात घेत न्हाईत."

तेव्हा उलगडलं. देवक मोर नव्हतंच, मोरवेल होती, रानातली वेल. ह्या घरातल्या बायका देवकाचं नाव पुरं घेत नसत. जशी बाई नवऱ्याचं नाव तोंडी आणत नाही, तसं देवकाचं अर्धंच म्हणायचं आणि अर्धं मनात ठेवायचं. भाऊसाहेबांच्या आईनं सासूच्या तोंडून अर्धंच ऐकलं, लेकाला अर्धंच दिलं. नवरा गेलेला, विचारायला कुणी नाही. लेकाच्या लग्नात तिनं हौसेनं मोराचं पीस आणलं.

"तुम्ही होतात की त्या लग्नात," केतकी म्हणाली.

"व्हते. मला वाटलं शोभंला लावलंय."

केतकी हसत सुटली, हसता हसता रडायला लागली आणि आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. लग्न वाचलं होतं. पण भाऊसाहेब तसेच बसून होते, मांडीवर पान, अंगठ्यानं पाचू फिरवत. सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. मला त्यांचं फार वाईट वाटलं. फाटक, टाकी, ट्रॅक्टर, शेंगा खाणारे ते पाहुणे, आणि माझी ती भिंत. सगळं डोळ्यापुढून गेलं असणार.

"मग आत्या," शेवटी ते म्हणाले, "इतकी वर्षं मी कुणाच्या देवाला हात जोडत होतो?"

केतकीनं आत्यांच्या कानाशी वाकून सागरच्या घरच्यांचं देवक सांगितलं. आत्यांनी ते नीट ऐकून घेतलं, एक शेंग सोलली, आणि म्हणाल्या, "व्याह्यांच्या. मानपान आधीच करून बसलास म्हण."

आधी नातू हसला, मग नातसून, मग मी. सगळ्यात शेवटी भाऊसाहेब; मिशी हलली, खांदे हलले, आणि मग त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "आन् माझा भुईमूग?"

"त्यो आहेरात धर."

निघताना आत्यांनी आम्हाला घरामागच्या उतारावर नेलं. करवंदीच्या जाळीवर वेल चढली होती. फुलं होऊन गेली होती, आता बी धरलं होतं, आणि प्रत्येक बीला एकेक पांढरं, मऊ, वाकलेलं पीस. सबंध जाळी पिसांनी फुललेली. पानं तीन-तीन. उठताना भाऊसाहेबांनी माझ्या पिशवीत ठेवलेलं तांब्याचं पान मी बाहेर काढलं नाही, गरज नव्हती. भाऊसाहेब पुढे झाले, टोपी काढली आणि हात जोडले. थोडे अवघडून जोडले. नव्या ओळखीच्या माणसाला जोडतो तसे. "आज तोडू नकोस," आत्या म्हणाल्या. "देवक बसवायच्या दिवशी ये. विचारून तोड."

चांदवडला परत येताना रस्त्यात त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाई, मोर पुसायला किती वेळ लागंल?"

उत्तर केतकीनं दिलं. "पुसायचा का म्हणून? देवक घराण्याचं असतं पप्पा, ते आत्यांनी सांगितलं. मोर तुम्हाला आवडतो, ते कुणाला विचारायचं?" कार्यशाळेच्या त्या ताईंविषयी माझं मत त्या क्षणी जरा बरं झालं.

मोर राहिला. पण भिंतीच्या डाव्या अंगानं, केतकीच्या नावाखालून, मी मोरवेल काढली. चुलीला वळसा घालून, हरणाच्या पायांतून, घुबडाच्या डोक्यावरून ती वर गेली आणि मोराच्या पायाखाली पोचली. आता तो मोर वेलीवर बसला होता. पांढऱ्या भिंतीवर पांढरी पिसं दिसेनात, तर शालिनीनं सुचवलं, "साडीवर सांडलास तोच पिवळा घे ना." घेतला. छान दिसला. विंचूरच्या काकू पुन्हा आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि या वेळी दोनदा चहा प्यायल्या.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी भाऊसाहेब रडणार नाहीत असं सगळ्यांना सांगून बसले होते. गाडीचं दार लावताना त्यांनी काकूंना हात जोडले आणि म्हणाले, "इतकी वर्षं तुमचा मोर आम्ही सांभाळला ताई. आता आमची वेल तुमी सांभाळा." मग टोपी काढून तोंडावर धरली.

कोल्हापूरच्या बसमध्ये शाल झटकली तर एक पीस उडालं, बीसकट. खिडकी बंद होती म्हणून ते पकडता आलं. घरी कुंडीत लावलंय, उगवेल न उगवेल. आमच्या पूर्वजांचं देवक काय होतं ते मला नक्की माहीत नाही आणि सांगायला आमच्याकडे कुणी ठकूआत्याही नाहीत. पण दारावर मी एक घुबड काढलं आहे. शेजारणी नाक मुरडतात. मला ते रोज आत जाताना बघायला आवडतं, एवढं मला पुरतं.

परवा शालिनीचा फोन आला. घर रिकामं रिकामं वाटतं म्हणाली. केतकी रोज फोन करते, तरी वाटतं. मागून भाऊसाहेबांचा आवाज येत होता, म्हणून मी विचारलं, काय म्हणताहेत.

"काय म्हणणार," शालिनी म्हणाली. "सकाळपासून खळ्यात बसलेत. मोर आले की मला हाक मारतात, 'शालू, व्याही आले ग, शेंगा टाक.'"